म्हाळसाबाई आणि गळकं झाड

तर ऐका. आणि आधी पाय आवरा, एकमेकांना लाथा मारायच्या नाहीत. एक होता राजा. पण गोष्ट काही त्याची नाही. गोष्ट आहे त्याच्या मुदपाकखान्यात स्वयंपाक करणाऱ्या म्हाळसाबाईची.

म्हाळसाबाई हाताची गोड आणि तोंडाची तिखट. आमटीला फोडणी दिली की वास वेशीपर्यंत जायचा, आणि तिचा आवाज वेशीच्याही पलीकडे. राजासुद्धा मुदपाकखान्यात शिरताना आधी खाकरायचा, बरं का.

एकदा काय झालं, तिच्या काखेत एक गाठ आली. आधी वाटाण्याएवढी. मग बोराएवढी. मग लिंबाएवढी. दुखत नव्हती, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. शेवटी नवऱ्यानं, येसाजीनं, वैद्यबुवांना घरी आणलं. वैद्यबुवांनी गाठ चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही वाईट गाठ आहे," ते म्हणाले. "ही माणसाला आतून खाते. हिला औषध एकच, नदीपलीकडच्या गळक्या झाडाचा रस. सकाळी झाडाखाली बसायचं. दिवसभर थेंब थेंब गळतो, तो जिभेवर घ्यायचा. असं तीनदा जायचं. पण झाड फुकट देत नाही. दर वेळी काहीतरी काढून घेतं."

"काय काढून घेतं?"

"ते गेल्यावर कळतं."

म्हाळसाबाईला असलं अर्धवट बोलणं मुळीच आवडायचं नाही. पण करते काय? गाठ तिच्या काखेत होती, वैद्यबुवांच्या नव्हे.

मग बातमी गावभर झाली आणि माणसं यायला लागली. आत्याबाई आल्या. म्हणाल्या, "झाडबीड काही नको. आमच्या जावेच्या भाचीनं नुसती कारली खाल्ली आणि खडखडीत बरी झाली." शेजारची गंगू आली. ती दारातच जी रडायला लागली ती थांबेचना. शेवटी म्हाळसाबाईनंच तिला पाणी दिलं, शिरा करून घातला आणि समजूत काढून घरी पाठवलं. आणि राजानं तर गावात दवंडी पिटवली, "आमच्या म्हाळसाबाई वाघीण आहेत. त्या लढणार आणि जिंकणार."

म्हाळसाबाईनं कपाळाला हात लावला. "मी कुठे लढतेय?" ती येसाजीला म्हणाली. "मी नुसती झाडाखाली बसणार आहे. आता वाघीण म्हटल्यावर मला रडायचीसुद्धा चोरी."

"बरं वाटतंय का तुला?" येसाजीनं विचारलं.

"अहो, आत्ताच विचारलंत ना? तेवढ्यात काय बदलणार आहे?"

मग ती नावेत बसून पहिल्यांदा झाडाकडे गेली. झाड कसलं, बुटकं, वाकडं, सालीला भोकं पडलेलं. खाली माणसं आ करून बसलेली. तिच्या शेजारी बिराक्का नावाची धनगरीण होती, चातीवर लोकर कातत बसलेली. बिराक्कानं तिला धीर दिला नाही, की काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "रस लई कडू हाय. उलटी आली तर तिकडं वळ. माझ्या लोकरीवर नको."

आठ दिवसांत कोणी पहिल्यांदा एवढं सरळ बोललं होतं. म्हाळसाबाईला जरा मोकळं वाटलं.

घरी आली, वेणी घालायला बसली, आणि सगळी वेणीच हातात आली. झाडानं केस घेतले होते. तिनं रागानं फणी फेकली, मग ती पदर तोंडावर घेऊन रडली. दुसऱ्या दिवशी बिराक्का नदी ओलांडून आली. लोकरीची टोपी आणली होती. "डोक्याला गार लागतं," ती म्हणाली, आणि आपलं मुंडासं काढून दाखवलं. तिच्या डोक्यावर कोकराच्या अंगावर असतात तसे मऊ, करडे केस होते. "माझेबी गेलते. हे नवे."

टोपी मेली इतकी टोचायची, की सांगायची सोय नाही. म्हाळसाबाई दिवसभर डोकं खाजवायची, टोपीला शिव्या द्यायची. पण तिनं ती काढली नाही, बरं का.

मग ती दुसऱ्यांदा गेली. दिवसभर रस घेतला आणि उठायला गेली तर पाय उठेनात. झाडानं ताकद घेतली होती. नाव लांब, येसाजी नावेपाशी. म्हाळसाबाई झाडाखाली बसून झाडालाच बोल लावायला लागली. तेवढ्यात मल्हारी गुरव पुढं आला. त्यालाही कधीकाळी अशीच गाठ होती. आता तो बरा होता, पण झाडाखालच्या माणसांना कोडी घालायला यायचा. सगळे त्याच्या कोड्यांना कंटाळले होते. त्यानं तिला उचलून पाठीवर घेतलं.

"गुरवदादा, खाली ठेवा मला. तुम्ही स्वतः दुखण्यातून उठलेले."

"माझीही ताकद गेली होती, म्हाळसाबाई. मला घास उचलवत नव्हता. आली परत. आता कोडं ऐका. पाय आहेत पण चालत नाही, तोंड आहे ते थांबत नाही. कोण?"

"कोण?"

"माझ्या पाठीवर बसलंय."

म्हाळसाबाईला इतका राग आला, की उतरून चालत जावंसं वाटलं. पण उतरता कुठे येत होतं? नावेपर्यंत अशी कितीतरी कोडी तिनं ऐकली. आणि घरी गेल्यावर येसाजीला त्यातलं एक घातलं.

मग ती तिसऱ्यांदा गेली. या वेळी झाडानं जिभेची चव घेतली. गूळ घातला तरी माती, मीठ घातलं तरी माती. आता मात्र म्हाळसाबाई हबकली. केस नसले तरी स्वयंपाक होतो. बसून बसूनही होतो. पण चवच कळली नाही तर ती कसली म्हाळसाबाई? ती काठी टेकत टेकत पुन्हा झाडापुढं जाऊन उभी राहिली.

"चोर आहेस तू," ती म्हणाली. "केस नेलेस, ताकद नेलीस, आता चव. कुठे ठेवलंस सगळं? दे परत."

झाड कुरकुरलं. मग जाड आवाजात बोललं, "बाई, मी काही ठेवत नाही. मला डोळे नाहीत. गाठ शोधत मी तुझ्या अंगात फिरतो. हाताला जे लागेल ते उपटतो. गाठ कुठली आणि केस कुठला, मला कळत नाही. तुझी गाठ गेली का, ते बघ."

म्हाळसाबाईनं काखेत हात घातला. लिंबाएवढं काही लागलं नाही. बोराएवढं नाही. वाटाण्याएवढंही नाही. तिनं दुसरी काखही चाचपून बघितली.

"जरा हळू शोधायला काय झालं होतं?" ती म्हणाली. पण आवाज नेहमीसारखा चढला नाही.

गाठ गेली, तरी चव आली नाही. गावानं बासुंद्या पाठवल्या, पुरणपोळ्या पाठवल्या. वासानंच तिला मळमळायचं. मग बिराक्का रोज मडक्यातून गार आंबील आणायची. तेवढी मात्र पोटात राहायची. म्हाळसाबाई डोळे मिटून ती प्यायची. बिराक्का लोकर कातत बसायची.

"तुझी गाठ गेली का गं, आक्का?" तिनं एकदा विचारलं.

"न्हाई. ती झोपती, मग उठती. उठली की मी झाडाकडं जाते." चाती फिरतच राहिली. "चालायचंच. मेंढरं हायेत, काम हाय."

म्हाळसाबाई सरकून तिच्या जवळ बसली.

मग काय झालं, एके दिवशी तिनं आंबिलीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आक्का, यात मीठ किती घातलंस? आणि लसूण जाळलास का?"

"रोज आसंच करते," बिराक्का म्हणाली.

"रोज? इतके दिवस मी हे प्यायले?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आणि येसाजी बाहेरून धावत आला, तर दोघी गळ्यात पडून हसत होत्या, आणि रडतही होत्या.

मग राजानं मेजवानी दिली. स्वयंपाक म्हाळसाबाईनं केला, आणि पहिल्या पंगतीला झाडाखालची सगळी माणसं बसवली. राजा दुसऱ्या पंगतीला. बिराक्काला तिनं आंबील कशी करायची ते शिकवलं, पण ती काही शिकली नाही. तिची झोपलेली गाठ उठली, की दोघी मिळून नावेनं पलीकडे जायच्या. अशी ती सगळी माणसं भांडत, जेवत, मजेत राहिली.

संपली गोष्ट. नाही, झाड आता कुठे आहे ते मला माहीत नाही. गप पडा बघू, आणि डोळे मिटा.