सोनबाने घर बिनवासाचं केलं त्याची गोष्ट

काल रात्रभर मला झोप आली नाही, ती अत्तरामुळे. म्हणजे अत्तर अजून लागलेलंही नाही. उद्या माझ्या पुतण्याची मुंज आहे. कार्यालयाच्या दारात कुणीतरी हौशी मावशी अत्तरदाणी घेऊन उभी असणार आणि येणाऱ्या प्रत्येक मनगटावर बोट ओढणार. माझ्या रेवाच्या मनगटावरही. मग संध्याकाळपर्यंत तिच्या हातावर लाल चट्टे. "नको" म्हणावं, तर "एवढं काय गं, थेंबभर तर आहे" असं म्हणायला सगळं सासर हजर. न म्हणावं, तर पोरगी आठवडाभर खाजवणार. शिकलेली बाई मी, आणि एका थेंबापुढे माझी वाचा बसते.

दुपारी रेवा माझ्या मांडीवर पालथी पडून कोपर खाजवत म्हणाली, "मूर्खाची गोष्ट सांग." मी म्हटलं, ठीक. सांगते. निदान त्यात तरी मी नसेन.

एका गावात सोनबा नावाचा एक भोळा अत्तरवाला राहायचा. 'भोळा' हा शब्द मी रेवासाठी वापरला. गावाने त्याच्यासाठी दुसरा राखून ठेवला होता.

सोनबा आठवडी बाजारात अत्तर, ऊद आणि अगरबत्त्या विकायचा. उरलेला माल घरात लावायचा. त्याच्या बायकोचं, चंद्रकलेचं, अंग नाजूक. वास चढला की मानेवर पुरळ. तान्हं बाळ तर तिच्याही वरताण. ऊद पेटला की ते शिंकायचं, आणि शिंकायला लागलं की डोळ्यांतून पाणी येईतो थांबायचं नाही.

पाडव्याला सोनबाला प्रेम आलं. त्याने हिन्याची अख्खी कुपी चंद्रकलेच्या मानेवर ओतली. मान टोमॅटोसारखी झाली. डॉक्टरीणबाईंनी मान बघितली, मग सोनबाकडे बघितलं.

"असं थेट लावतात का? कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावायची. उद्यापर्यंत थांबायचं. लाल झालं नाही, तरच पुढे जायचं."

"हे आधी नाही का सांगायचं?" सोनबा म्हणाला. आणि त्याने धडा पाठ केला. सोनबाचं पाठांतर चांगलं होतं. तीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सासरे नातू बघायला आले. उन्हातून चालत आले होते, भूक लागली होती. चंद्रकलेने भाकरी टाकली, पिठलं केलं, हिरव्या मिरचीचा ठेचा केला.

"अहो, बाबांना वाढा."

सोनबाने ठेच्याची वाटी उचलली. "मामा, बाही वर करा."

"का हो, जावईबापू?"

"करा तर."

जावयाचा मान मोठा. सासऱ्यांनी बाही वर केली. सोनबाने बोटभर ठेचा त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला चोपडला आणि पुढचं ताट ओढून घेतलं.

"आता उद्यापर्यंत थांबायचं. लाल झालं नाही, तर जेवा."

उद्यापर्यंत थांबावं लागलं नाही. सासरे तिथल्या तिथे नाचायला लागले.

"बघा!" सोनबा म्हणाला. "बरं झालं खाल्ला नाहीत."

सासरे उपाशीपोटी हात पाण्यात बुडवून बसले. चंद्रकलेने कपाळाला हात लावला. "अहो, ते अत्तराचं होतं! आणि नाजूक अंगाला अत्तर लावूच नये मुळी. अगदी हौस असली तर आपल्या कपड्याच्या काठाला एक थेंब लावावा."

"हे आधी नाही का सांगायचं?"

(रेवाने विचारलं, "खरंच कुणी एवढं वेडं असतं?" मी म्हटलं, "असतात. त्यातले काही घरात सुगंधाची यंत्रं लावतात." हे मी काकूने दिलेल्या भेटीबद्दल बोलले. ते यंत्र अजून खोक्यात आहे. काकू आली की मी ते बाहेर काढते. ती गेली की परत आत.)

मानेचं पुरळ काही जाईना. डॉक्टरीणबाईंनी मलमाची ट्यूब दिली. चंद्रकला बाळाला पाजत होती. म्हणाली, "अहो, तेवढं मलम लावता का?"

"लावतो की."

सोनबा आत गेला, तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा ट्यूब चपटी झाली होती.

"कुठे लावलंत?"

"तुझ्या लग्नाच्या शालूला. काठाला. दोन्हीकडून लावलंय, पदराला जरा जास्त." मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुझं अंग नाजूक ना."

चंद्रकलेने शालू उलगडला. जरीचे मोर मलमात बुडाले होते. तिने तो तसाच घडी करून बाजूला ठेवला. मग एकेक शब्द मोजत म्हणाली, "मलम अंगाला. अत्तर कपड्याला. आणि आता आणखी एक नीट ऐका. तुम्ही दारं लावून ऊद जाळता, तो आधी बंद करा. बाळाचा जीव गुदमरतो. जिथे वास कोंडतो, तिथे दारं-खिडक्या सताड उघडी ठेवायची असतात."

"हे आधी नाही का..."

"नाही सांगितलं! चुकलं माझं!"

त्या संध्याकाळी सोनबाने ऊद लावला नाही. शहाण्यासारखा वागला. मग तो म्हशीला वैरण टाकायला गोठ्यात गेला. गोठ्यात शेण होतं, मूत होतं, ओली वैरण होती. सोनबाने नाक धरलं. वास चांगलाच कोंडला होता. त्याने गोठ्याचं दार सताड उघडलं. दारासमोरच्या वाऱ्याच्या वाटेत म्हैस आडवी येत होती, म्हणून तिचं दावंही सोडलं.

सकाळी गोठ्यात वास अजिबात नव्हता. म्हैसही नव्हती. ती शेजारच्या भागूबाईचं हिरवं कडवळ फस्त करून ओढ्याच्या डोहात बसली होती आणि कुणालाही ओळख द्यायला तयार नव्हती.

"अगं, बाहेर ये गं," सोनबा काठावरून विनवत होता.

"ती नाही येणार," भागूबाई म्हणाली. "तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

घरी येऊन बघतो तर चंद्रकलेने बोचकं बांधलेलं. बाळ तिच्या खांद्यावर. ते शिंकत होतं, कारण ऊद बंद झाला तरी भिंतींत मुरलेला वास कुठे जातो?

"मी माहेरी चालले," चंद्रकला म्हणाली. "हे घर बिनवासाचं झालं की निरोप पाठवा. वासाची एकही वस्तू उंबऱ्याच्या आत असता कामा नये. एकही. तोवर मी येत नाही, आणि बाळही येत नाही."

या वेळी सोनबा "हे आधी नाही का सांगायचं" म्हणाला नाही. तो बाळाच्या रिकाम्या झोळीकडे बघत होता. मूर्ख माणसाला रिकामी झोळी कळत नाही, असं थोडंच असतं?

दुसऱ्याच दिवशी तो कामाला लागला. अत्तराच्या कुप्या, ऊद, अगरबत्त्या, धूप, सगळा माल बाजारात मिळेल त्या भावाने विकून टाकला. सुवासिक साबण गेला, पावडर गेली. इथवर भागूबाई कौतुकाने बघत होती. मग हिंगाची डबी बाहेर आली. लसूण आले, कांदे आले, मसाल्याचा डबा आला.

"अरे सोनबा, हिंग का टाकतोस?"

"वास येतो."

"मग जेवायला काय करणार?"

"भात. मीठ घालून. मिठाला वास नाही, मी बघितलं."

भिंतींना त्याने नुसता चुना फासला आणि चुन्याचा वास जाईतो दारं उघडी टाकून अंगणात झोपला. डोहातून परत आलेली म्हैस तेवढी आधी पक्की बांधली. एवढं मात्र तो शिकला होता. चुन्याचा वास गेल्यावर तो दर खोलीत फिरला. कोपऱ्या-कोपऱ्यात नाक खुपसलं. काही नाही. घर पाण्यासारखं झालं होतं. त्याने आनंदाने निरोप पाठवला: घर बिनवासाचं झालं. या.

चंद्रकला निघाली. तिच्या आईला लेक अशीच कोरडी पाठवायला कसंतरी वाटलं. तिने निघता निघता तिच्या केसांत गजरा माळला. बाळाला न्हाऊमाखू घालून ओव्याची धुरी दिली. पिशवीत डिंकाचे लाडू घातले, जायफळ सढळ हाताने घालून. रीत म्हणजे रीत. बाळ गाडीत शिंकतच राहिलं.

गाडीतून उतरून चंद्रकला उंबऱ्याशी आली. सोनबा आतून धावत आला. दोन हातांवर थबकला. नाक वर करून त्याने हवा हुंगली.

"थांब. मोगरा."

"आईने माळलाय हो. हा बघा, काढला." तिने गजरा अंगणात भिरकावला.

सोनबाने पुन्हा हुंगलं. "ओवा."

"बाळाला धुरी दिलीय. आता काय बाळ भिरकावू?"

"पिशवीत जायफळ."

"लाडू आहेत ते! अहो, बाजूला व्हा, उन्हात उभी आहे मी!"

सोनबाचा चेहरा पडला. त्याने दार हळूच अर्धं लोटलं. "नाही जमायचं गं. एकही वस्तू नको म्हणून सांगितलंय. चंद्रकलेला त्रास होतो."

"मीच चंद्रकला!"

"हो ना. म्हणूनच तर."

भागूबाई कुंपणावरून ओरडली, "अरे ठोंब्या, तिला हुंगतोस, आधी स्वतःला हुंग! अत्तराच्या रांजणात बुडल्यासारखा घमघमतोस!"

सोनबाने आपली बाही नाकाशी नेली. हिना. दुसरी बाही. केवडा. तो कमालीचा ओशाळला.

"हे आधी नाही का सांगायचं?"

तो घाईघाईने उंबऱ्याच्या बाहेर आला. दार ओढून घेतलं. भलंमोठं कुलूप लावलं. किल्ली हुंगली. तिलाही त्याच्या हाताचा वास लागला होता, म्हणून ती विहिरीत टाकून दिली. मग ओट्यावर चंद्रकलेशेजारी बसला, बाळाला मांडीवर घेतलं आणि समाधानाने म्हणाला,

"झालं एकदाचं. आता आत कसलाही वास नाही. चंद्रकलेला म्हणावं, आता खुशाल राहायला ये."

गोष्ट संपली. मी हसले. उद्या त्या मावशीला काय सांगायचं, ते या गोष्टीच्या निमित्ताने रेवाला शिकवावं, असं माझ्या मनात होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, रेवा हसत नव्हती. ती उठून बसली होती आणि कपाळाला आठ्या घालून विचार करत होती.

"आई," ती म्हणाली, "पण मग ओट्यावर त्या अत्तराच्या बाह्यांपाशी बाळ शिंकलं नाही ना?"