द्वारकेची होडी आणि गावकीचा नारळ

एका खाडीकाठच्या गावात एक बाई राहायची. नाव द्वारका. ती खरं सांगत होती आणि तिच्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, जावेने नाही, देवळात बसणाऱ्या शहाण्यांनी तर नाहीच नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे बाई बोललीच नाही असं पुढे कुणी म्हणू नये. बोलली. दोन वर्षं बोलत होती.

झालं होतं असं. द्वारका बाजार करून होडीतून परत येत होती. खाडीच्या मध्यावर एका मोठ्या लाँचची लाट आली, होडी कलली आणि द्वारका पाण्यात. होडीवाल्या हसनभाईने तिला अंबाड्याला धरून वर ओढलं. सुक्या बांगड्यांची टोपली मात्र वाहून गेली. काठावर आल्यावरही द्वारका "माझी टोपली, माझी टोपली" एवढंच म्हणत होती, म्हणून सगळं गाव पोट धरून हसलं. तीही हसली. दुसरं काय करणार.

पण त्या दिवसापासून होडीत पाय ठेवायला गेली की तिची छाती धडधडायची, हात गार पडायचे, घसा सुकायचा. पाय म्हणजे जणू दुसऱ्या कुणाचे. नवरा शांताराम म्हणाला, पित्त आहे, आमसुलाचं सार पी. तिने तांब्याभर सार पोटात घातलं. भीती होती तिथेच राहिली, वर ढेकर तेवढे आले.

आता त्या गावाची एक रीत होती. काहीही बिघडलं की गावकी देवळात बसायची आणि आधी दोष कुणाचा ते ठरवायची. ज्याचं नाव निघेल त्याने नारळ द्यायचा. तो फोडायचा, खोबरं वाटायचं आणि आपापल्या घरी जायचं. बिघडलेलं तसंच. नळाचा पंप बंद पडला तेव्हा त्याच दिवशी लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव निघालं. खोबरं सगळ्यांनी खाल्लं आणि पाणी बायकांनी विहिरीवरून आणलं. गावकीचे प्रमुख होते तात्या मयेकर. नाव शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

द्वारकेसाठी गावकी तीनदा बसली. पहिल्यांदा शेजारच्या काशीचं नाव निघालं, कारण तिने द्वारकेच्या लुगड्याला चांगलं म्हटलं होतं. दुसऱ्यांदा द्वारकेच्या मेलेल्या सासूचं. मेलेली बाई नारळ कुठून देणार, म्हणून शांतारामने दिला. तिसऱ्यांदा एका काळ्या बकरीचं. असे तीन नारळ फुटले, गावाने तीनदा चटणी वाटली आणि द्वारका धक्क्यावरच उभी. शेवटी तात्या वैतागले. म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. सगळं सोंग आहे." गावाला ते लगेच पटलं. पटायला सोपं होतं ना.

अशातच खाडीपलीकडून निरोप आला. द्वारकेची लेक वैजयंती हिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात आईने स्वतः ओटी घेऊन यायचं, तरच सासर पोरीला पाठवणार, अशी तिकडची पद्धत. सडकेने वळसा घालून आणायची तर सहा तास आणि वाटभर खड्डे. डॉक्टरने त्या रस्त्याला साफ नाही म्हटलं होतं. म्हणजे होडीच. पाचवा महिना चालू होता. द्वारका त्या दिवशी चुलीपुढे बसून रडली, आणि जाऊ म्हणाली, धूर फार झालाय.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, तालुक्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी वृंदाताई येतात. मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करतात. द्वारका सडकेने गेली. जाताना पिशवीत एक नारळ घेऊन गेली. खुर्चीवर बसल्या बसल्या तिने विचारलं, "बाई, कुणाचं नाव निघतंय?"

वृंदाताई म्हणाल्या, "नाव राहू दे. त्या दिवशी पाण्यात काय काय झालं, ते मला सांगा."

दोन वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. द्वारका तासभर बोलली. पाण्याखाली हिरवा अंधार होता, कानात गुडगुड होत होती, आणि आता वैजूचं लग्न कोण करणार एवढंच मनात आलं होतं. टोपलीसाठी ती ओरडलीच नव्हती. जीव अर्धा झाला होता आणि तोंडाला दुसरा शब्द सापडत नव्हता. वृंदाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे सोंग नाही. अंगाने एकदा धडा घेतलाय की होडी म्हणजे मरण. त्याला आता दुसरा धडा द्यायचा, पण रोज थोडा थोडा. नारळ त्यांनी परत पिशवीत ठेवायला लावला.

पहिल्या आठवड्यात नुसतं धक्क्यावर बसायचं, होडीकडे बघायचं आणि सावकाश श्वास सोडायचा. छाती धडधडली तरी पळायचं नाही, धडधड आपोआप उतरते की नाही ते बघायचं. ती उतरली. दुसऱ्या आठवड्यात बांधलेल्या होडीत बसायचं. रिकामं बसायची द्वारकेला लाज वाटली. ती नारळाच्या झावळ्या घेऊन गेली आणि होडीत बसून पात्यांमधले हीर काढून केरसुण्या बांधू लागली. हसनभाई म्हणाला, "वहिनी, उतारू बसवू की केरसुण्या?" ती म्हणाली, "केरसुण्या बसवा. त्या बडबड करत नाहीत."

तिसऱ्या आठवड्यात होडी दोराच्या टोकापर्यंत सोडायची होती. दोर शांतारामच्या हातात. द्वारकेने हूं केलं की तो घाबरून होडी ओढून घ्यायचा. अशी सकाळभर होडी झोपाळ्यासारखी येत-जात राहिली. वृंदाताईंनी त्याला बोलावून सांगितलं, दोर फक्त सोडायचा, ओढायचा नाही. नवऱ्याला हे शिकायला बायकोपेक्षा जास्त दिवस लागले.

पाचव्या आठवड्यात मात्र घोळ झाला. होडी खाडीत बरीच आत जाऊन परत येत होती. काठ दोन हातांवर राहिला आणि द्वारकेच्या अंगात एकदम भीती भरली. तिने उडी मारली ती थेट चिखलात, गुडघ्यापर्यंत. गाव पुन्हा हसलं. तात्या म्हणाले, बघा, सांगितलं नव्हतं? गुरुवारी द्वारका वृंदाताईंपुढे जाऊन बसली. माझ्याच्याने होणार नाही, आपलं बंद करा, म्हणाली.

वृंदाताईंनी विचारलं, "मागच्या महिन्यात कुठपर्यंत जाता येत होतं?"

"धक्क्यापर्यंत."

"आणि उडी कुठून मारलीत?"

"होडीतून." एवढं बोलून द्वारका पदर तोंडाला लावून हसत सुटली.

सातवा महिना लागला. ओटीचं सामान घेऊन द्वारका धक्क्यावर आली तेव्हा अख्खं गाव जमलं होतं. तात्या पुढे होते. हसनभाई त्यांना म्हणाला, "चला ना तात्या, मानाचं माणूस असू दे बरोबर." तात्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. होडीत चढताना गुडघा धरतो, म्हणाले. द्वारकेने त्यांच्याकडे नीट बघितलं. तात्यांचे हात थरथरत होते आणि ओठ सुकले होते. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. ती होडीत चढली. मध्यावर तिचीही छाती धडधडली. तिने सावकाश श्वास सोडला, होडीच्या काठाला धरून बसली, आणि पलीकडे उतरली. संध्याकाळच्या आत लेकीला घेऊन परत आली. हसनभाईने टोपलीची आठवण काढली, तर म्हणाली, तिचे बांगडे आता मोठे झाले असतील.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. दोन वर्षं वाया गेली, तर नाव निघायला हवं. कुणी लाँचवाल्याचं सुचवलं, कुणी पुन्हा बकरीचं. द्वारका उठली. बायका गावकीत बोलत नसत, ती बोलली. "लाटेने मला एक दिवस बुडवलं. सोंग म्हणणाऱ्याने दोन वर्षं बुडवून ठेवलं." मग तात्यांकडे वळून हळू म्हणाली, "तात्या, अकरा वर्षं तुम्ही सडकेने जाता. गुडघ्याचं कारण गावाला सांगा, मला नको. गुरुवारी माझ्याबरोबर तालुक्याला चला."

तात्या उठून घरी गेले आणि हातात नारळ घेऊन आले. गुरुवारी ते द्वारकेच्या मागोमाग दवाखान्यात गेले. पुढच्या आठवड्यात बांधलेल्या होडीत बसून केरसुणी बांधत होते. चांगली जमत नव्हती, पण बांधत होते.

तात्पर्य: मनाचं दुखणं खरं असतं, ते दोष शोधून जात नाही, जाणत्या माणसापुढे बोलून आणि त्याच्या मदतीने एकेक पायरी चढून जातं, म्हणून दुसऱ्याच्या भीतीला सोंग म्हणू नये, त्यातही आपलीच भीती झाकायला तर कधीच नाही. तरी रीत ती रीत, नाव निघाल्याशिवाय नारळ फुटत नाही, म्हणून लिहिते: तात्या मयेकर.