बाण कुठे आहे?

“...पण सर, डोळ्यांसमोर दिसलं तर मुलांना कळणार नाही का?”

निरंजन तिसऱ्यांदा हेच विचारत होता. नोकरी सोडून, दोन वर्षं खपून त्यानं एक सॉफ्टवेअर केलं होतं. नवख्या मुलांनी प्रोग्रॅम लिहायचा आणि बटण दाबावं तसा एक लाल बाण ओळीओळीनं फिरून आत काय चाललंय, कुठल्या डब्यात कुठला आकडा आहे ते दाखवणार. तंत्रनिकेतनात ते घ्यायचं की नाही, हे खांबेटे सरांच्या एका शब्दावर होतं.

आणि खांबेटे सरांची दृष्टी जाऊन वीस वर्षं झाली होती. अशा माणसाला चित्र दाखवायला जायचं म्हणजे निरंजनचीही कमालच! पण त्याला प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं ते याच सरांनी, दृष्टी गेल्यावर.

“उदाहरण कुठलं घेतलंयस?”

“एक ते तीनची बेरीज.”

“बटण मी दाबतो. काय होतं ते तू सांग.”

टक.

“बाण खाली आला. बेरजेचा डबा हिरवा झाला.”

“हिरवा का?”

“तो... होतो तसा.”

निरंजनचे कान तापले. डबा त्यानंच रंगवला होता.

“तोंड भिंतीकडे कर. पुन्हा पहिल्यापासून.”

“मग मला दिसणार कसं, सर?”

निरंजन नाइलाजानं वळला.

टक.

“बाण... पहिल्या ओळीवर असेल. बेरीज शून्य.”

टक.

“आकडा एक... बेरीज एक.”

टक.

“परत वर. आकडा दोन, बेरीज तीन.”

टक.

“पुन्हा वर! आकडा तीन, बेरीज सहा.”

टक.

“बाण बाहेर पडला. संपलं, सर!”

तो खुशीत वळला. लॅपटॉप मिटलेला होता. सरांचं बोट झाकणावर होतं.

“हे... केव्हापासून?”

“तू वळलास तेव्हापासून.”

निरंजन झाकणाकडे बघत राहिला. बाण त्याला अगदी स्पष्ट दिसला होता. मग तो फिरत कुठे होता? आणि आपण दोन वर्षं केलं ते काय? त्याला काही सुधरेना. खरं सांगायचं तर रडूच आलं.

“सर, मग माझं हे सॉफ्टवेअर मुलांना लागतं, की लागत नाही?”

सरांनी लॅपटॉप चाचपून त्याच्याकडे सरकवला.

“तुला बाण दिसला?”

“दिसला...”

“मलाही.”