सामाचे छप्पर

पूर्वी अश्मक देशात वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भद्रसेन नावाच्या गृहपतीच्या गोठ्यात बैल होऊन जन्मला. त्याचे नाव धवल. नांगरणी आणि मळणी मिळून त्याला वर्षाचे चार महिने काम असे. उरलेले आठ महिने तो दावणीला उभा राहून खाई. त्याला कोणी ऐतखाऊ म्हणत नसे, आणि त्याची वैरणही कोणी कमी करीत नसे.

भाताच्या कापणीला डोंगरापलीकडून माणसे येत. पीक भरघोस असले की भद्रसेन चाळीस जणांना बोलावी; पाऊस ओढ देई त्या साली बारांना. उरलेल्यांनी काय खायचे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी शिरला नाही. आलेले लोक बांधावर पेंढ्याच्या खोपी करून राहत. मळणी संपली की त्याच दिवशी गडी त्या खोपी उसकटत आणि तो पेंढा गुरांपुढे टाकत. तिथली रीतच होती. रीत म्हटले की कोणताही निर्लज्जपणा खपून जातो.

एका साली पाऊस कमी झाला आणि महिन्याचे काम दहा दिवसांत आटोपले. बारा जणांत सामा नावाची एक बाई होती. तिच्या नवऱ्याला त्या साली बोलावणेच नव्हते. तो काम शोधत दक्षिणेला गेला होता. शेवटच्या दिवसापर्यंत ती राबली. गडी खोप मोडायला आले तेव्हा ती म्हणाली, "मालक, माझे दिवस भरलेत. माझ्याच्यानं आता डोंगर चढवणार नाही. बाळंत होईपर्यंत तेवढं छप्पर राहू द्या."

"तुझ्याजोगं काम उरलंय का इथे?" भद्रसेन म्हणाला. "नाही ना? मग तू तरी कशाला?"

सामाचे छप्पर धवलापुढे येऊन पडले. त्याने हुंगले. पेंढ्याला चुलीच्या धुराचा वास होता. त्याने तोंड फिरवले. मग त्याने हिरव्या चाऱ्याला तोंड लावले नाही, पेंडीला नाही, गुळालाही नाही. दुसऱ्या दिवशी वैद्य आला. तिसऱ्या दिवशी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. एका बैलासाठी सगळे घर हवालदिल झाले, आणि हाकेच्या अंतरावर सामा उघड्या बांधावर उन्हात पडून होती. सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो.

चौथ्या दिवशी भद्रसेन धवलाच्या गळ्यात पडून रडू लागला. तेव्हा बोधिसत्त्व मनुष्यवाणीने बोलला, "मी आठ महिने बसून खातो. काम आहे का, असं मला कधी विचारलंस?"

"तू माझा आहेस. ती माणसं माझी नाहीत."

"भात तेवढं तुझं, आणि ते कापणारी परकी? दिवस भरलेल्या बाईचं छप्पर माझ्यापुढे टाकलंस, लाज नाही वाटली? ते तिच्या डोक्यावर जाईपर्यंत मी घास घेणार नाही. आणि यापुढे तुझं पीक कापणाऱ्यांना माझ्यासारखंच बारा महिने खायला मिळेल. नाहीतर पेरणीला नांगर तू ओढ."

भद्रसेनाला दया आली, असे सांगायला आवडले असते. त्याला पेरणी आठवली, एवढेच. पण खोपी पुन्हा उभ्या राहिल्या आणि कोठार उघडले. सामा छपराखाली गेली, तेव्हा धवलाने पहिला घास घेतला; तिथेच ती सुखरूप बाळंत झाली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा श्रावस्तीत, नव्या भाताचे दान घेऊन आलेल्या एका धनाढ्य उपासकाला सांगितली. ते म्हणाले, "तेव्हाचा भद्रसेन तूच. काल मळणी उरकताच तू जिची खोप मोडलीस, ती बाहेर विहाराच्या भिंतीला टेकून बसली आहे; तीच सामा. धवल मी होतो. त्या जन्मी मी मैत्री पारमिता, सर्व जिवांवरच्या मायेचे व्रत, पाळली." असे म्हणून त्यांनी आपले भिक्षापात्र उपडे ठेवले.

उपासक गडबडला. "भंते, पहिलं भात आहे. आपल्यासाठी मुद्दाम आणलंय."

"आधी तिचं छप्पर घाल," शास्ते म्हणाले. "तोवर मी तेव्हाही जेवलो नव्हतो."