कस्तुरीअम्मांची नाडी

"त्यांना शिकवायला जायचं? ज्यांनी माझ्या ताईला मारलं, त्यांना?"

तुळशा दारातच आडवा उभा राहिला. एकोणीस वर्षांचा, सहावीतून शाळा सुटलेला, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मोगरा त्याची थोरली बहीण. जन्माने भाऊ; पण तुळशाला कळू लागल्यापासून त्याने तिला ताईच म्हटलं होतं. तिला जाऊन चाळीस दिवस झाले होते.

कस्तुरीअम्मा चपला शोधत होत्या. मोगराच्या त्या गुरू. सरकारी दवाखान्याने त्यांना बोलावलं होतं. तृतीयपंथी रुग्णांशी कसं वागावं, त्यांचे एचआयव्हीचे उपचार मध्येच का तुटतात, ते डॉक्टर-नर्सना सांगायला.

"बाजूला हो, लेका. अकराला पोचायचंय."

"मग मीपण येणार."

"चल. तोंड मात्र घरी ठेवून ये."

आतल्या खोलीत शेवंता खोकत होती. अम्मांची धाकटी चेली. मोगरा गेली त्या दिवसापासून तिने एचआयव्हीच्या गोळ्या सोडल्या होत्या. दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. "व्हरांड्यात मरण्यापेक्षा इथं मरते," म्हणायची.

मोगरा व्हरांड्यातच गेली होती. तिला पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यावर दोन दिवस खल चालला. सलाईन संपलं, नळीत रक्त उलटं चढू लागलं... तेव्हा चार हात लांबून नर्स म्हणाली, "तूच काढ ना सुई." तुळशाने काढली. गॅरेजातल्या ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांनी.

दवाखान्याच्या हॉलमध्ये तीसेक जण बसले होते. आधी प्रश्नपत्रिका झाली. हात लावल्याने एचआयव्ही होतो का? नाही. रुग्ण सांगेल त्याच नावाने त्याला हाक मारावी का? हो.

डॉक्टरांनी कागद चाळले आणि हसले.

"अम्मा, सगळ्यांना पैकीच्या पैकी! आता तुम्ही काय शिकवणार?"



तुळशाच्या अंगाचा तिळपापड झाला. न कळून झालं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. यांना सगळं ठाऊक होतं! त्या दिवशीही ठाऊक होतं!

चहा आला. तेवढ्यात इनचार्ज मोहिते सिस्टर अम्मांपुढे आली. तुळशाने तिला पाहिलं आणि तोंडाशी नेलेला कप खाली आणला. चार हात लांब उभी राहिलेली ती हीच.

तिने पदर डोक्यावर घेतला आणि वाकली.

"अम्मा, सुनेला सातवा लागलाय. तुमचा आशीर्वाद फळतो म्हणतात. डोक्यावर हात ठेवा."

"ठेवू नका!" तुळशाने कप आपटला. चहा सतरंजीवर सांडला. "माझ्या ताईच्या हातातली सुई काढायला या बाईला किळस आली. आणि तुमचा हात हिला डोक्यावर पाहिजे? आमचा हात आशीर्वादाला चालतो, सलाईनला चालत नाही?"

सिस्टर तशीच वाकलेली...

अम्मांनी हात पुढे केला. डोक्यावर ठेवला नाही. मनगट उताणं करून सिस्टरच्या नाकासमोर धरलं.

"नाडी बघ."

"अम्मा, मी आशीर्वाद..."

"नाडी बघ."

सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं. तिचा हात एप्रनच्या खिशातल्या हातमोज्यांकडे गेला... आणि अर्ध्यात थांबला. मग उघड्या बोटांनी तिने ते मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरतं मिनिट मोजलं.

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"जमतंय की तुला."

सिस्टरची मान खाली गेली. अम्मांनी हात काढून घेतला.

"उद्या सकाळी शेवंता येईल. ताप आहे, गोळ्या सुटल्यात. तिची नाडी बघ. आशीर्वाद तिच्याकडे माग. द्यावासा वाटला तर देईल."

बाहेर फाटकाशी तुळशाचा बांध फुटला.

"शेवंता नाही येणार."

"तू आणशील तिला."

"मी? त्या व्हरांड्यातून?"

"मोगराची सुई काढणाऱ्या भावाबरोबर येईल ती. माझ्याबरोबर नाही येणार."

तुळशा तिथंच बसला. डोळे पुसले, पुन्हा भरले.

"म्हणजे त्या बाईला माफ करायचं? आणि माझ्या रागाचं काय करू, अम्मा? गिळून टाकू?"



"जपून ठेव. शेवंताच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत; दर महिन्याला तिला याच फाटकातून आणताना तो लागेल."