वैद्याची मैना

फार फार पूर्वी, पशुपक्षी माणसांशी बोलत त्या काळची ही गोष्ट. पोरांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर जरा जास्तच कान देऊन ऐका.

एका नगरात एक वैद्य होता. रोग्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवायचा, डोळे मिटायचा आणि नेमका रोग सांगायचा. वेळ लागायचा, पण माणूस हसत घरी जायचा.

एकदा राजाने सगळ्या वैद्यांना एकेक बोलकी मैना दिली. या मैनांनी जन्मभर रोग्यांची गाऱ्हाणी ऐकलेली. रोग्याने तोंड उघडायचा अवकाश, की मैना रोग सांगून मोकळी! बहुतेक वेळा ते खरंही निघे. राजाने दवंडी पिटली, “जो सर्वांत जास्त रोगी तपासेल, तो राजवैद्य!”

वैद्य आधी मैनेचं ऐकून मग स्वतः नाडी बघायचा. पण दारातली रांग वाढली. ‘मैना बरोबरच सांगते, मग बोटं कशाला झिजवा?’ असं म्हणत त्याने नाडी बघणंच सोडलं. वर्षं गेली. तो राजवैद्य झाला, पालखीतून मिरवू लागला.

बायको म्हणाली, “अहो, हल्ली तुम्ही कुणाचा हात हातात घेतच नाही.”

“तुला काय कळतंय त्यातलं? बाहेर रांग बघ!”

एके सकाळी ती गोवऱ्या काढून आली ती पोट धरूनच. मैना ओरडली, “पित्त! पित्त! मोरावळा द्या!” वैद्याने मोरावळा दिला.

दुपारी तिच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या. वैद्य चरकला. अशा पापण्यांबद्दल गुरूंनी काहीतरी सांगितलं होतं. काय बरं? त्याने तिची नाडी धरली, पण बोटांना काही उमगेना. तो मैनेकडे वळला.

“पित्तच! काळजी नको!”

बायको कशीबशी म्हणाली, “मैनेचं ऐकलं हो मी. तुम्हाला काय वाटतं?”

काय सांगणार, कपाळ! खाली बघत तो म्हणाला, “पित्तच असेल.”

संध्याकाळी ती गेली. शेजाऱ्यांनी सरणासाठी गोवऱ्या उपसल्या, तर खाली मण्यार निघाली, जिचा दंश झालेलाही कळत नाही असा साप. तिच्या विषावरचा उतारा वैद्याच्याच फडताळात होता. त्याने तरुणपणी स्वतः घोटलेला.

सुतक फिटलं. वैद्याने पिंजरा उघडला आणि मैनेला हाकललं. मग पहिल्या रोग्याचं मनगट धरून डोळे मिटले. बराच वेळ बसला. बोटांखाली नुसतं धडधडत होतं, त्याचा अर्थ काही लागेना. शेवटी रोग्याने हात सोडवून घेतला आणि तो मैना असलेल्या दुसऱ्या वैद्याकडे निघून गेला. त्याच्यामागून सगळी रांग गेली.

तात्पर्य: अवजाराची मदत जरूर घ्यावी, पण आपली विद्या त्याच्या हवाली केली की ती हाक मारूनही परत येत नाही.