घंटेचा दोर

समुद्राला खेटून ख्रिस्ती कोळ्यांचं एक गाव होतं. तिथल्या चर्चमध्ये एक घंटेवाला होता. धुकं पडलं की घंटा वाजवत राहायची, हे त्याचं काम. त्या आवाजाच्या रोखाने होड्या खडक चुकवून घरी येत.

एका धुक्याच्या सकाळी हा बाबा ताडी ढोसून घोरत पडला. जाग आली तेव्हा किनाऱ्यावर आकांत चालला होता. काथ्याचे दोर वळणाऱ्या मावशीचा एकुलता एक मुलगा कैतान होडी खडकावर फुटून बुडाला होता.

लोक चर्चकडे धावत येताना दिसले, तशी घंटेवाल्याची पाचावर धारण बसली. त्याने घंटेचा दोर सुरीने कापला, कापलेला तुकडा चुलीत घातला आणि ओरडला, "काय करू हो! ऐन वेळी दोरच तुटला!"

तो दोर मावशीनेच वळलेला होता.

घंटेला बाजारातून नवा दोर आला. मावशीने मात्र पुन्हा काथ्याला हात लावला नाही. दर रविवारी ती पुटपुटे, "देवा, माझ्या हातांनी माझं पोर खाल्लं. मला क्षमा कर." मागच्या बाकावर घंटेवाला ते ऐके. आपल्या पापाची माफी ही बाई मागतेय! आपल्याला माफी नाहीच, हे त्याने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

सात वर्षं अशी गेली. गुड फ्रायडेला सगळे क्रूसाचं चुंबन घ्यायला रांगेत उभे होते. मावशीची पाळी आली आणि ती मागे सरली. "नको. माझे हात खुनी आहेत."

घंटेवाल्याने तिथेच गुडघे टेकले. "मावशी, दोर तुटला नव्हता. मी पिऊन पडलो होतो. दोर मी कापला."

मावशी त्याच्याकडे वळली.

"म्हणजे माझा दोर धड होता?"

"धड होता, मावशी."

ती ढसाढसा रडली. मग म्हणाली, "ऊठ. जा माझ्यासमोरून." घंटेवाल्याने चर्चची किल्ली फादरच्या हातात ठेवली आणि मान खाली घालून घरी गेला. उरलीसुरली आशाही गेली, असं त्याला वाटलं.

ईस्टरच्या सकाळी गावावर दाट धुकं उतरलं. घंटेवाल्याच्या दारात मावशी उभी होती. तळहात सोललेले, खांद्यावर काथ्याचा कोरा दोर.

"माफ केलं, असं तोंडातून अजून निघत नाही रे," ती म्हणाली. "पण दोन दिवस हा वळत बसले. होड्या बाहेर आहेत. चल, बाजारचा काढून हा बांध आणि वाजव."

तात्पर्य काय, तर लपवलेलं पाप दुसऱ्याला वाहावं लागतं. ते कबूल करून आपल्या डोक्यावर घ्यावं. मग ते उतरवायला देव माणसाच्याच हातांनी येतो.